समुद्रस्नानाचा आनंद आणि सावधानता

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला सागरकिनारा हे महाराष्ट्राला लाभलेले मोठे वैभव होय. अलिबाग, मुरुड, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली या ठिकाणी सुट्टीच्या दिवसांत देशावरून हजारो कुटुंबे येतात. त्यांपैकी अनेकांना समुद्राचे दर्शन प्रथमच घडत असते. काहीजण विहिरीत वा नदीत पोहण्यात तरबेज असतात. परंतु विहिरीचे पाणी स्थिर असते, नदीचे एकाच दिशेने वाहते. समुद्राचे पाणी मात्र भरती-ओहोटी, लाटा आणि तळाची वाळू यांनुसार प्रहराप्रहराला आपली चाल बदलते. ही चाल ओळखता येणे हेच समुद्रस्नानाच्या सुरक्षिततेचे मर्म आहे.

पावसाळ्यात खवळलेला समुद्र धोक्याचा, हे सर्वांस ठाऊक असते. कोळी बांधवही परंपरेने नारळी पौर्णिमेस सागराची पूजा केल्यावरच होड्या पाण्यात लोटीत आले आहेत. परंतु १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड येथे पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले आणि १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरी येथे बेळगावच्या सहलीतील ८ जणांना प्राण गमवावे लागले. या दोन्ही दुर्घटना पावसाळ्यातील नव्हत्या. यावरून शांत दिसणारा समुद्र सुरक्षित असतोच असे नाही, हे ध्यानी येईल.

भरती-ओहोटीचे गणित

दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. कोकणातील जुनी मंडळी तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. हा अदमास होय. अचूक वेळेसाठी छापील वेळापत्रक पाहावे किंवा स्थानिकांस विचारावे. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाणी अधिक वर चढते आणि तितकेच दूर ओसरते.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. भरतीत मात्र त्यास चहूबाजूंनी पाण्याचा वेढा पडतो. अशा ठिकाणी परतीची वेळ आधीच ठरवावी. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी वेगाने बाहेर धावते. तेथे स्नानास उतरू नये.

परतीचा प्रवाह

लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेले पाणी कोठून तरी परत जाणारच. वाळूच्या दांड्यांमध्ये जेथे खोलगट वाट असते, तेथून ते एकवटून समुद्राकडे धावते. अशा जागी लाटा फुटत नाहीत, पाणी गडद व शांत दिसते, कधी फेस वा गढूळ पट्टा आत सरकताना आढळतो. अनभिज्ञ माणूस नेमकी हीच शांत जागा स्नानास निवडतो.

हा प्रवाह माणसास तळाशी ओढीत नाही, केवळ आत नेतो. परंतु त्याचा वेग पट्टीच्या पोहणाऱ्यासही आवरत नाही. म्हणून त्याच्याविरुद्ध झगडून दमू नये. अंग सैल सोडून तरंगावे, हात उंचावून मदत मागावी. पोहता येत असल्यास किनाऱ्यास समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे आणि मग लाटांच्या साहाय्याने परतावे. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी एकामागून एक पाण्यात उडी घेणे हे अनेकदा अधिक जीवितहानीचे कारण ठरते. त्याऐवजी दोर, हवा भरलेली ट्यूब किंवा बूच लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा त्याच्याकडे फेकावा, जीवरक्षकांस व कोळी बांधवांस हाक मारावी आणि ११२ क्रमांकावर कळवावे.

पाण्याबाहेर काढलेल्या व्यक्तीचा श्वास थांबला असेल, तर पोट दाबण्यात किंवा उलटे धरण्यात वेळ दवडू नये. तोंडाने श्वास देणे व छातीवर लयबद्ध दाब देणे तत्काळ सुरू करावे आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर संपर्क साधावा.

आणखी काही पथ्ये

मद्यप्राशन करून पाण्यात उतरणे म्हणजे संकटास आमंत्रणच होय. मुले हाताच्या अंतरावर असावीत. लाल निशाण असेल तेथे उतरू नये. शेवाळलेल्या खडकांवर छायाचित्रांसाठी चढू नये. दुपारचे कडक ऊन टाळावे, पाणी किंवा शहाळे वरचेवर घ्यावे. पावसाळ्याच्या सुमारास वाळूत दिसणारे निळसर, फुग्यासारखे प्राणी मेलेले वाटले तरी दंश करतात. त्यांना मुलांनी हात लावू नये.

स्थानिक कोळी बांधवांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले आहे. “आज येथे उतरू नका” असे त्यांनी सांगितल्यास तो शब्द मानावा. पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी दहा मिनिटे किनाऱ्यावर उभे राहून लाटांचे निरीक्षण करावे आणि गावकऱ्यांस एक प्रश्न विचारावा. एवढी दक्षता प्रत्येक सहलीने घेतली, तर सागरकिनाऱ्यावरून सर्वजण सुखरूप घरी परततील.