ट्रेलर नुसता उभा होता, मग बॅटरी कुणी संपवली?

अमेरिकेतल्या एखाद्या मावसभावाच्या इन्स्टावर पिकअपच्या मागे जोडलेलं पांढरं, चाकांवरचं घर तुम्ही पाहिलं असेल. तिकडे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. बेड, शेगडी, फ्रिज, टॉयलेट सगळं आत. फक्त इंजिन नाही.

इंजिन नसलं तरी १२ व्होल्टची बॅटरी असते. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा तिच्यावरच चालतो. आणि मालकांची तक्रार ठरलेली: सगळं बंद करून ट्रेलर उभा केला, पंधरा दिवसांनी बघतो तर बॅटरी डेड.

कारण सगळं बंद झालेलंच नसतं. गॅसगळतीचा अलार्म, स्टिरिओची मेमरी, फ्रिजचं सर्किट थोडी थोडी वीज पीत राहतात. समजा हे सगळं मिळून ०.३ अँपिअर होतं. म्हणजे दिवसाला सुमारे ७ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्यात अर्धी झाली! लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार निम्म्याच्या खाली गेली की तिचं आयुष्य घटतं. त्यात मिनेसोटासारख्या राज्यातला हिवाळा असेल तर पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ७ अंशांच्या आसपास गोठते आणि फुटूही शकते. भरलेली बॅटरी उणे ५० लाही तग धरते.

यावर उपाय म्हणजे बॅटरी डिस्कनेक्ट स्विच. आपल्याकडे ट्रकला कट-ऑफ असतो ना, तोच प्रकार. बॅटरीच्या जाड वायरमध्ये बसवायचा, नॉब फिरवला की पुरवठा तुटला. काही ट्रेलरना कंपनीच असा स्विच देते, पण अनेकदा गॅसचा अलार्म त्याला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेला असतो. म्हणून स्विच असूनही बॅटरी उतरते.

आता खरा प्रश्न. स्विच निगेटिव्हला लावायचा की पॉझिटिव्हला?

निगेटिव्हला लावणं सोपं, पण मग सगळंच बंद होतं. त्यात ब्रेकअवे स्विचही आला. चालत्या गाडीपासून ट्रेलर सुटला तर एक केबल ताणली जाते, पिन निघते आणि ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक त्याच्याच बॅटरीवर लागतात. हायवेवर सुटलेलं दोन-तीन टनांचं घर थांबवणारी शेवटची गोष्ट हीच. घाईत नॉब 'ऑफ' राहिला, तर तीही गेली.

त्यामुळे पॉझिटिव्ह बाजू बरी. ब्रेकअवेची वायर, तिच्या संरक्षणासह, थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला ठेवायची आणि बाकीच्या वायर स्विचमागे न्यायच्या. सोलर पॅनल असेल तर त्याचा कंट्रोलरही बॅटरीच्या बाजूलाच हवा, म्हणजे स्विच बंद असतानाही चार्जिंग सुरू राहील.

काम करताना आधी बाहेरच्या विजेचा प्लग काढायचा, सोलर तोडायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची आणि शेवटी तीच जोडायची. हा क्रम चुकला आणि पाना पॉझिटिव्हवरून लोखंडी सांगाड्याला टेकला, तर ठिणग्या उडणार, तेही बहुतेक वेळा गॅस सिलिंडरच्या शेजारी. स्विच आणि वायर दोन्ही तेवढा करंट सोसणारे हवेत. इन्व्हर्टर असेल तर त्याचा करंट मोजूनच स्विच घ्यावा. स्वस्तातला प्लास्टिकचा स्विच इथे नको.

एक लक्षात ठेवा, नॉब 'ऑफ' असेल तर गॅसचा अलार्मही झोपलेला असतो. तेव्हा आत माणसं झोपणार असतील तर नॉब 'ऑन'च हवा.

स्विच बसवला की तो बंद ठेवून ब्रेकअवेची पिन ओढा आणि ट्रेलर अगदी हळू पुढे घ्या. चाकं अडली पाहिजेत. अडली की पिन लगेच परत लावा, नाहीतर ब्रेकचे मॅग्नेट तापतात आणि बॅटरी पुन्हा उतरायला लागते.