घरातील बिनतारी जाळे आणि परवलीचा शब्द

टेलिफोन घरोघर नव्हता त्या काळी शेजाऱ्याचा क्रमांक आपल्या पत्त्याखाली घालून त्यापुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरे लिहिण्याची रीत होती. फोन आला की शेजारी हाक मारी, आपण जिना उतरून धावत जावयाचे आणि यजमानांनी वर्तमानपत्र वाचण्याचे निमित्त करून आपले सारे बोलणे ऐकावयाचे. त्या व्यवस्थेत संकोच होता, पण एक गोष्ट पक्की होती. आपल्या यंत्रावरून कोण बोलले हे यजमानांना ठाऊक असे. आज आपल्या घरोघरी जे वायफाय आले आहे त्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. आपल्या जोडणीवरून कोण बोलत आहे हे आपणांस दिसत नाही, आणि जे बोलले गेले त्याचा जाब मात्र प्रथम आपणांस विचारला जातो.

हे भय दाखविण्यासाठी म्हणत नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात एकामागून एक बाँबस्फोट झाले. ते सुरू होण्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांकडे एक ई-मेल पोहोचला होता. तो कोठून निघाला याचा माग काढीत तपास अधिकारी नवी मुंबईतील एका इमारतीत, एका परदेशी गृहस्थाच्या घरी जाऊन थडकले. त्या घरातील वायफायला कुलूप नव्हते. कोणीतरी त्याच्या टप्प्यात येऊन, जोडणी वापरून निघून गेले होते. गृहस्थांचे संगणक तपासणीसाठी गेले, चौकशीच्या फेऱ्या झाल्या, आणि त्यांचे घर कित्येक दिवस वर्तमानपत्रांतून गाजत राहिले. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ई-मेलही मुंबईतील एका कार्यालयाच्या वायफायवरून असाच परस्पर गेल्याचे निघाले. पुढे २००९ च्या आरंभी, अशी उघडी जाळी हुडकून काढण्यासाठी पथके रस्त्यांवर पाठविण्याचे मुंबई पोलिसांनी जाहीर केले. आमच्या मते या प्रकरणातून घ्यावयाचा बोध पोलिसांपुरता नाही. 'आमच्या घरात चोरण्यासारखे आहेच काय?' असे म्हणणाऱ्या सर्वांसाठी तो आहे. चोराला कधीकधी आपल्या घरातले काहीच नको असते. त्याला फक्त आपला पत्ता हवा असतो.

मग कुलूप कोणते, आणि ते लागते कसे? येथे थोडे खोलात जाणे भाग आहे, कारण परवलीच्या शब्दाविषयी आपल्या मनात जी कल्पना असते ती बहुधा बँकेच्या कार्डावरून घेतलेली असते. कार्डाचा अंक तीनदा चुकला की यंत्र कार्ड बंद करते. म्हणून चारच अंक असले तरी तेथे चालते. वायफायचेही तसेच असेल, कोणी दाराशी उभा राहून शब्द चुकीचे सांगू लागला तर राउटर त्याला हाकलील, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही.

राउटर म्हणजे एक लहानसे प्रक्षेपण केंद्रच. सेकंदाला सुमारे दहा वेळा ते आपले नाव सभोवार पुकारीत असते. आपल्या घराच्या भिंती ही आपली हद्द असे आपण मानतो. रेडिओच्या लहरी तसे मानीत नाहीत. त्या जिन्यात जातात, खालच्या रस्त्यावर जातात, समोरच्या गच्चीवरही जातात. आपला फोन त्या राउटरला जोडला जातो तेव्हा परवलीचा शब्द हवेतून मुळीच जात नाही, आणि ही मोठी सोयीची युक्ती आहे. दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी तो शब्द आणि जाळ्याचे नाव एकत्र घालून ते मिश्रण ४,०९६ वेळा घुसळतात आणि त्यातून एक किल्ली काढतात. नंतर दोघांत चार छोटे संदेश होतात. प्रत्येक बाजू एक यदृच्छेने काढलेला आकडा उघडपणे पाठविते आणि त्या आकड्यावर आपल्या किल्लीची मोहोर उठवून दाखविते. मोहोर जुळली की एकमेकांची खूण पटली.

आता कोणी माणूस रस्त्यावर लॅपटॉप घेऊन उभा आहे असे समजा. ते चार संदेश त्याला ऐकू येतात. येत नसतील तर आपल्या फोनला 'जोडणी तुटली' असा खोटा निरोप पाठवून तो त्याला पुन्हा जोडणी करावयास लावतो. शब्द त्याच्या हाती लागत नाही, परंतु नाव, ते दोन आकडे आणि मोहोर एवढे लागते. एवढे घेऊन तो आपल्या घरी जातो. तेथे स्वस्थ बसून एकेक शब्द अंदाजाने घ्यावयाचा, त्याच रीतीने घुसळावयाचा आणि मोहोर जुळते का ते पाहावयाचे. त्याला तीनदा चुकल्यावर हाकलणारे तेथे कोणीही नाही. आपल्या राउटरला तर हे चालले आहे याची गंधवार्ताही नसते. म्हणून या परवलीच्या शब्दाला चार अंक पुरत नाहीत; आठही पुरत नाहीत.

हिशेबच करून पाहू. बाजारात आज मिळणारे एखादे उंची ग्राफिक्स कार्ड (खेळांची चित्रे भराभर काढण्यासाठी केलेले) असे शब्द सेकंदाला दहा लाखांहून अधिक तपासते. आपण दहा लाखच धरू. आमच्या घरी वायफाय बसविण्यास आलेल्या मुलाने 'काका, लक्षात राहील' म्हणून आमचाच मोबाइल क्रमांक परवलीचा शब्द म्हणून घातला होता, आणि त्याच्या या व्यवहारचातुर्याचे आम्ही कौतुकही केले होते. आपल्या देशात मोबाइलचा क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. तेव्हा असे क्रमांक फार तर ४०० कोटी. सेकंदाला दहा लाख या वेगाने ते सारे संपावयास चार हजार सेकंद लागतात, म्हणजे एक तास आणि सुमारे सात मिनिटे. अर्थात आमच्या शेजाऱ्यांना तेवढेही कष्ट नव्हते. सोसायटीच्या फलकावर तो क्रमांक आमच्या नावासमोर लिहिलेलाच होता. जन्मतारीख घातली असती तर? शंभर वर्षांत दिवसच मुळी छत्तीस हजार पाचशेच्या आसपास. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत तो हिशेब संपतो.

आठ लहान रोमन अक्षरे यदृच्छेने घेतली तर त्यांचे २०,८८३ कोटी प्रकार होतात. हा आकडा ऐकून धीर येतो, पण तो अडीच दिवसही टिकत नाही. तीच अक्षरे बारा केली की मात्र सर्व प्रकार तपासून संपण्यास तीन हजार वर्षे लागतात. अक्षरे वाढली चार आणि काळ वाढला दिवसांवरून सहस्रकांवर. एखाद्या आठ अक्षरी शब्दात एका अक्षराऐवजी रुपयासारखे चिन्ह घालून किंवा शेवटी '१२३' लावून जी बळकटी आल्यासारखी वाटते ती बहुतेक दिखाऊ असते, कारण या युक्त्या हुडकणाऱ्यांना तोंडपाठ आहेत. देवाचे नाव आणि त्यापुढे चालू साल, मुलीचे नाव आणि तिचे जन्मसाल, असे शब्द तर ते सर्वांआधी घालून पाहतात. खरे बळ लांबीत आहे, आणि ती लांबी आपल्या आवडीनिवडीतून न येता सोडतीतून आली पाहिजे. माणसाला आपण यदृच्छेने निवडतो असे वाटते, पण त्याचे मन ठरलेल्या पायवाटेनेच जाते.

सोडत काढण्याची आमच्या घरातली रीत सांगतो. हजारेक पानांचा मराठी शब्दकोश घ्यावा. शून्यापासून नऊपर्यंतच्या दहा चिठ्ठ्या एका वाटीत घालाव्या. एक चिठ्ठी काढावी, अंक लिहून घ्यावा, चिठ्ठी परत टाकून वाटी हलवावी. असे तीनदा केले की पान मिळते. चौथ्या चिठ्ठीने त्या पानावरचा कितवा शब्द ते ठरते. तेवढे पान कोशात नसेल तर पुन्हा काढावी. असे पाच शब्द काढावे. समजा निघाले : वरवंटा, सोंगटी, कालवा, पडघम, तिठा. यांचा एकमेकांशी काही संबंध नाही हाच त्यांचा गुण. प्रत्येक ठिकाणी दहा हजार शब्दांपैकी कोणताही येऊ शकला असता. म्हणून आपण कोणता कोश वापरला आणि चिठ्ठ्या कशा काढल्या हे सारे हुडकणाऱ्याला कळले, तरी एका कार्डाला सर्व प्रकार पाहण्यास एकतीस लाख वर्षे लागतील. हजार कार्डे जुंपली तरी तीन हजार. रीत शत्रूला कळली तरी चालावे, गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली, हे तत्त्व केर्कहॉफ्स नावाच्या भाषापंडिताने १८८३ सालीच लष्करी गुप्तलेखनासंबंधी मांडून ठेविले आहे. शब्द आवडला नाही म्हणून दुसरा काढण्याचा मोह मात्र आवरावा. तेथेच आवडनिवड मागल्या दाराने आत शिरते. (वरचे पाच शब्दही कोणी घेऊ नयेत. ते आता छापून झाले.)

मराठी माणसाला येथे एक अडचण येते. ही जाळी परवलीसाठी रोमन अक्षरे, अंक व चिन्हेच घेतात, आणि त्यांची संख्या ८ पासून ६३ पर्यंत असावी लागते. आमचे पाच शब्द रोमन लिपीत एकतीस अक्षरांत बसले, पण 'वरवंटा' किती 'ए' घालून लिहावा यावर घरात दोन पक्ष पडले. एकदा काय ते ठरवावे आणि सरळ एका कागदावर लिहून कपाटात ठेवावे. परवलीचा शब्द लिहून ठेवू नये, असे आपणांस शिकविलेले असते. ते कचेरीतल्या मेजासाठी ठीक आहे. येथे ज्याचे भय आहे तो माणूस रस्त्यावर आहे, आणि त्याला आपल्या कपाटातला कागद दिसत नाही. कागद दिवाणखान्याच्या खिडकीला चिकटवू नये एवढे पुरे.

आता कुलपाच्या जातीविषयी थोडे. १९९७ च्या पहिल्या मानकात आलेली 'वेप' ही जात २००१ साली फ्लुरर, मांटिन आणि शमीर या तिघांनी मुळातूनच कच्ची ठरविली. तिच्यात कितीही चांगला शब्द घातला तरी उपयोग नाही. २००४ साली आलेली 'डब्ल्यूपीए-२' अजून घरोघर आहे, आणि वरचे सारे वर्णन तिचेच आहे. २०१८ साली जाहीर झालेल्या 'डब्ल्यूपीए-३' मध्ये संदेश ऐकून घरी नेऊन अंदाज करण्याची सोयच काढून टाकली आहे. प्रत्येक अंदाजासाठी प्रत्यक्ष दाराशी येऊन उभे राहावे लागते. राउटर नवा असेल तर ती निवडावी. पण घरातील जुना फोन किंवा टीव्ही तिला ओळखत नाही म्हणून बहुतेक जण दोन्ही जाती एकत्र चालू ठेवतात, आणि मग जुन्या जातीसाठी लांब शब्द हवाच.

जुन्या वाड्यांच्या मोठ्या दाराला एक दिंडी असे. मोठ्या दाराला अडसर, खिळे, साखळदंड. आणि दिंडीची कडी मात्र गडी-माणसांच्या सोयीसाठी नुसती लोटलेली. पुष्कळ राउटरांना 'डब्ल्यूपीएस' नावाची अशीच एक दिंडी आहे. लांब शब्द टंकण्याचा त्रास वाचावा म्हणून आठ अंकांची एक खूण दिलेली असते. आठ अंक म्हणजे दहा कोटी प्रकार. परंतु शेवटचा अंक नुसता पडताळ्याचा, आणि राउटर पहिल्या चार अंकांचा बरे-वाईट निर्णय वेगळा सांगून मोकळा होतो. त्यामुळे आधी दहा हजार आणि मग एक हजार, असे अकरा हजार प्रयत्न पुरतात. हे २०११ च्या डिसेंबरात उजेडात आले. पुढे काही यंत्रांत बंदोबस्त झाला, तरी ही दिंडी बंदच करून टाकावी असे आमचे मत आहे. राउटरच्या आतल्या मांडणीत शिरण्याचा जो निराळा परवलीचा शब्द असतो, तोही कारखान्यातून आलेला तसाच ठेवू नये. जाळ्याचे कारखान्याने दिलेले नावही बदलावे, कारण नाव किल्लीत मिसळले जाते आणि सर्वत्र आढळणाऱ्या नावांचे हिशेब आधीच करून ठेवता येतात. मात्र नवे नाव आपल्या आडनावाचे किंवा खोलीच्या क्रमांकाचे नसावे. नाव लपविण्याची एक खटपट काही जण करतात, तिच्यात अर्थ नाही. फोन जोडला जाताना ते नाव हवेतून जातेच.

वायफायचा शब्द फुटला की बँकेचे सारे व्यवहार उघडे पडले, असे काही जण सांगतात, तेही खरे नव्हे. बँका आपल्या संदेशांना स्वतःचे वेगळे कुलूप लावतात. धोका दुसरा आहे. आत शिरलेला माणूस घरातील छापयंत्र, दारावरचा कॅमेरा, फोटो साठविलेली तबकडी यांच्या शेजारी येऊन बसतो. आणि त्याने बाहेर जे काही पाठविले ते आपल्या नावावर जाते.

राहता राहिले पाहुणे. आलेल्या माणसाला वायफाय न देणे हे आज पाणी न विचारण्यासारखे झाले आहे, आणि वरच्या मजल्यावरील विद्यार्थ्याची जोडणी परीक्षेच्या दिवसांत बंद पडली तर त्याला नाही म्हणणे आम्हांलाही जमत नाही. त्यासाठी बहुतेक राउटरांत पाहुण्यांचे निराळे जाळे काढण्याची सोय असते : ओसरी निराळी, माजघर निराळे. तेथील शब्द वेगळा ठेवावा, तोही लांबच ठेवावा, आणि पाहुणे गेल्यावर बदलावा. मात्र त्या ओसरीवरून जे बाहेर गेले तेही आपल्याच पत्त्यावर मांडले जाते, म्हणून ती ओळखीच्यांपुरतीच.

घरचा मुख्य शब्द दर महिन्याला बदलण्याची गरज नाही. तसे करावयास लावले की माणसे शेवटचा अंक तेवढा वाढवितात. अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ साली ठराविक मुदतीने परवलीचे शब्द बदलावयास लावू नये असे सांगितले. भाडेकरू गेला, दुरुस्तीला आलेल्या माणसाला शब्द सांगावा लागला, फोन हरवला, तर बदलावा. त्या दिवशी घरातील प्रत्येक यंत्रात नवा शब्द घालीत बसावे लागते. आमच्याकडे फोनांचे काम दहा मिनिटांत झाले. टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर शोधीत एकतीस अक्षरे भरण्यास मात्र पाऊण तास लागला, त्यातही 'वरवंट्या'चा एक 'ए' राहून गेल्यामुळे दुसऱ्यांदा भरावी लागली.