अक्षरांखालची जमीन

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणनजीकच्या ज्या लष्करी छावणीत आश्रय मिळाला, तिची कोनशिला 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते बसून तिचे उल्हासनगर झाले. आणि जिचा संसार मुख्यत्वे दुकानदारीवर उभा राहिला त्या वसाहतीत पाटी रंगविणाऱ्याला कामाची वाण कशी पडावी? फर्निचर आणि जीन्सच्या पेठा ओलांडून अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींकडे जावे, तर तेथे कारखान्यांच्या भिंतींवरील नावे व धोक्याच्या सूचना याच कारागिराची वाट पाहतात. फ्लेक्सने पुष्कळ काम हिरावले हे खरे. तथापि शटर, पत्रा आणि भिंत आजही रंगानेच बोलतात, आणि 2022 च्या कायदेदुरुस्तीने दुकानाच्या नामफलकावरील मराठी अक्षरे अन्य लिपीहून लहान नसावीत असा दंडक घातल्यापासून पाटीची मांडणी पुन्हा विचारपूर्वक करावी लागते.

पेंटरची कीर्ती त्याच्या ब्रशाने होते. परंतु अक्षर ज्या जमिनीवर उभे राहते ती रोलरने घातलेली असते, आणि ती सदोष असेल तर उत्तम वळणाचेही अक्षर दोन पावसाळ्यांत पापुद्र्यांसह उतरते, असे माझे निश्चित मत आहे.

रोलरची निवड पृष्ठभाग पाहून करावी. सपाट पत्र्यावर ऑइल पेंट लावायचा तर बारीक फोमचा अथवा चार ते सहा मिलिमीटर केसांचा रोलर उचित; लांब केसांचा घेतल्यास संत्र्याच्या सालीसारखी खडबड उरते आणि ब्रशाची कड तिच्यावरून थरथरत जाते. प्लास्टरला दहा-बारा मिलिमीटरचा आणि खरबरीत कुंपणभिंतीला अठराचा वा अधिक लांबीचा घ्यावा, कारण खळग्यांत रंग पोहोचविणे तेथे गुळगुळीतपणाहून अगत्याचे असते. फोम वेगाने फिरविला की हवेचे बुडबुडे उठतात, म्हणून दाब हलका ठेवून शेवटचा हात एकाच दिशेने द्यावा. लॅकर थिनरमध्ये मात्र साधा फोम फुगून विरघळतो. त्यात तो बुडवू नये. नव्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यापुढे तर कोणताही रोलर हतबल आहे: तैलयुक्त रंग जस्ताशी संयोग पावून साबण बनतो आणि थर सुटतो, तेव्हा आधी पत्र्याची चिकटाई धुऊन वॉश प्रायमर लावणे अनिवार्य होय.

नवा रोलर वापरण्यापूर्वी त्याच्या सैल केसांवर चिकटपट्टी फिरवून ते काढावेत, नाहीतर ते ओल्या रंगात रुतून बसतात. मध्यंतरी जेवायला उठायचे असेल तर रोलर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळावा. काम संपल्यावर प्रथम उरलेला रंग डब्यात खरवडावा, नंतर ऑइल पेंट असेल तर टर्पेंटाईनमध्ये आणि इमल्शन असेल तर पाण्यात, द्रव स्वच्छ निघेपर्यंत, पिळून धुवावा व टांगून वाळवावा. आडवा ठेवला की केस एका बाजूने चेपतात आणि तो भाग पुढे प्रत्येक फेऱ्यात पट्टा सोडतो. उल्हास नदीकाठच्या या दमट मुलुखात पावसाळ्यात वाळण्यास दुप्पट अवधी द्यावा, कारण ओल गाभ्यात राहिली तर बुरशी धरते आणि ऑइल पेंटमध्ये पाण्याचे थेंब शिरतात.

राठ झालेला रोलर रेड ऑक्साइडसाठी, त्यानंतर कुंपणाच्या सिमेंट प्रायमरसाठी वापरता येतो. परंतु ज्याने एकदा काळा रंग उचलला त्याला पांढऱ्या वा पिवळ्या जमिनीजवळ येऊ देऊ नये. कितीही टर्पेंटाईन खर्ची घातले तरी गाभ्यात उरलेला काळेपणा अर्ध्या पाटीवर येऊन पाझरतो.