मन सावरण्याचे कसब



मर रोगाने तुरीचे उभे झाड वाळते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्याची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. हैदराबादजवळ पटनचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ संस्थेत तुरीचे वाण मुद्दाम रोगट जमिनीत पेरून पारखले जातात. मर रोगाला दाद न देणारे ‘आशा’ हे तेथील वाण १९९३ साली प्रसारित झाले. जमिनीत बुरशी होतीच. पण झाडाने टिकाव धरला.

मनाचेही पुष्कळसे असेच आहे. कर्ज, नापिकी, घरातील मृत्यू यांचे दुःख एका दिवसात जात नाही. मात्र त्यापुढे टिकाव धरण्याचे कसब शिकता येते. मानसोपचारात औषधाबरोबर, किंवा कधी औषधावाचूनही, हेच शिकवतात.

मनाचा दवाखाना म्हटले की आपल्याला कुलूपबंद खोल्या आठवतात. जालन्याचे मनोरुग्णालय १९५३ साली हैदराबादेत एर्रागड्डा येथे आले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. त्या काळची भीती आपण अजून मनात धरून आहोत. आज तेथे बाह्यरुग्ण विभाग आहे. बहुतेक रोगी डॉक्टरांना भेटून त्याच दिवशी घरी परततात.

हे कसब शिकवायला प्रत्येक वेळी मोठा डॉक्टरच लागतो असेही नाही. गोव्यातील ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या पण प्रशिक्षित समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकांत हे काम करून पाहिले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. उदासीनतेच्या आजाराने बरेच खचलेल्या ४९५ जणांपैकी निम्म्यांना या बैठका मिळाल्या. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी शंभरात ६४ जण आजारातून सावरले होते. ज्यांना त्या मिळाल्या नाहीत त्यांच्यात शंभरात ३९.

अशा बैठकांत काय शिकवतात?

पहिले, श्वास. छाती धडधडू लागली की श्वास सावकाश घ्यावा, आणि घेतला त्याहून अधिक वेळ लावून सोडावा. पाचेक मिनिटांत शरीर निवू लागते.

दुसरे, लहान काम. खचलेला माणूस म्हणतो, “बरे वाटले की उठेन.” पण पडून राहिल्याने कामे तुंबतात, चिंता वाढते आणि मन आणखी खचते. म्हणून आधी उठायचे. बैलांना पाणी दाखवणे, शेजाऱ्याकडे दहा मिनिटे बसणे, असे एखादे काम ठरवून करायचे. ते केल्यावर कसे वाटले, हे वहीत टिपायचे. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्यावे.

तिसरे, चिंतेची वाटणी. पाऊस आपल्या हाती नाही; बँकेत जाऊन हप्ते वाढवून मागणे आपल्या हाती आहे. हाती असलेल्यातील एकच गोष्ट निवडून त्या आठवड्यात करायची.

चौथे, विचाराची पारख. “माझे सारे संपले,” असे मन म्हणाले की सावकाराचा हिशेब तपासतो तसा तो विचार तपासायचा. काय गेले? काय उरले? कोण सोबत आहे?

बांध आपण पावसाआधी घालतो. तसा हा सरावही मन शांत असताना रोज करावा. सावरताना मध्येच वाईट दिवस येतात. त्याने केलेले वाया जात नाही; पुन्हा लहान कामापासून सुरुवात करावी.

कोणी म्हणेल, श्रद्धा कमी पडली म्हणून मन खचते. तसे नाही. विहिरीचा पंप बिघडला तर आपण प्रार्थना करतो आणि मिस्त्रीलाही बोलावतो. मनाच्या आजारातही दोन्ही करावे.

दोन आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, कशातच मन लागत नाही, असे झाले तर आरोग्य केंद्र गाठावे. “माझ्यावाचून तुमचे भले होईल,” असे घरातले कोणी बोलले तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला सरळ विचारावे, “जीव द्यावासा वाटतो का?” असे विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. कीटकनाशकाचे डबे तर प्रत्येक घरी नेहमीच कुलपात असावेत, आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी.

‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. ती रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत वा तेलुगूत बोलता येते. हा क्रमांक आजच दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.