एनएच सिक्सवरून अलिबागला

आमच्या कारध्याहून पश्चिमेला कुठेही जायचे तर आधी वैनगंगा ओलांडावी लागते. पूल संपला की भंडारा, तिथून तासा-दीड तासात नागपूर, आणि मग तोच रस्ता, एनएच सिक्स, विदर्भ-खानदेश कापत धुळ्याला जातो. नव्वदच्या दशकात आमच्या घरची माणसे पहिल्यांदा समुद्र पाहायला निघाली ती याच रस्त्याने. धान घरात आले होते आणि भाड्याची ट्रॅक्स मिळाली होती. नागपूरहून रेल्वे होतीच, पण काकाजींचा हट्ट एकच : मधली गावे पाहत जायचे. आमच्या घराला त्यांनी दिलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट, असे मी मानतो.

काकाजींना नद्यांचे वेड. तळेगाव मागे पडले की वर्धा नदीचा पूल येई. तिथे ते गाडी थांबवायला लावत आणि मुलांना सांगत, ही पुढे चपराळ्याजवळ आपल्या वैनगंगेला भेटते, दोघींची प्राणहिता होते आणि सिरोंच्याला गोदावरीत जाते. म्हणजे कारध्याच्या पुलाखालचे पाणी बंगालच्या उपसागरात जाणार. अमरावती ओलांडली की हिशेबच उलटा. अकोल्याकडची पूर्णा तापीला मिळते, तापी अरबी समुद्राला. भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक हा शब्द पाठ करून आम्ही मार्क मिळवले होते, पण एक दिवसाच्या प्रवासात पाणी दिशा बदलते हे कळायला तो रस्ताच लागला.

गावांची नावे अजून क्रमाने तोंडात येतात : मूर्तिजापूर, बाळापूर, खामगाव, नांदुरा, मलकापूर, मुक्ताईनगर. बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री, खामगावला चांदीची दुकाने. पुढच्या फेऱ्यांत नांदुऱ्याला रस्त्याकडेचा 105 फुटी हनुमान दिसू लागला, तेव्हा पोरांनी चालकाला पुढे जाऊच दिले नाही. एरंडोल, मग पारोळ्याचा किल्ला. झाशीच्या राणीच्या सासरचे नेवाळकर इथले, हे तिथल्या चहावाल्याकडून ऐकले. धुळ्याहून डावीकडे वळून मालेगाव, चांदवड, नाशिक, आणि कसारा घाट उतरला की हवा दमट लागे.

आईला मात्र नद्यांपेक्षा शेते दिसत. मौदा-भंडाऱ्याच्या बांध्या सुटल्या की तिला परमुलूख लागे. कपाशी, तूर, मग जळगावच्या केळी, नाशिककडे कांदा आणि द्राक्षे. दोन दिवस धानाचे एक खोड नाही. आणि पेणजवळ आलो तसे ती खिडकीतून जवळजवळ बाहेर झुकली. कापलेल्या भाताची खाचरे, तेच बांध, तीच उडवी! आमच्याकडे उभ्या धानातच लाखोळी फेकतात, ती जमिनीच्या ओलीवर येते. अलिबागकडे भात निघाले की त्याच ओलीवर वाल. ज्या घरी आम्ही उतरलो तिथल्या आजीबाईंशी आईचे बोलणे यावरूनच जुळले. आमच्या डब्यात लाखोळीच्या डाळीचे वडे होते, त्यांनी वालाचे बिरडे वाढले. महाराष्ट्राच्या दोन टोकांना भात खाणारी, मासे खाणारी माणसे आहेत आणि मध्ये सगळा भाकरीचा मुलूख आहे, ही गोष्ट विमानाने किंवा रात्रीच्या गाडीने गेलेल्याला कळणे अवघड.

समुद्र पाहिला तेव्हा आम्ही नदीकाठची माणसे दबकलो ते त्याच्या आकाराने नव्हे, ओहोटीने. आमच्याकडे पाणी चढते ते पावसाळ्यात, कारध्याला 245.50 मीटर ही धोक्याची पातळी, ती ओलांडली की जुना लहान पूल बुडालेला असतो आणि पाणी उतरायची वाट पाहत लोक रात्र जागतात. इथे दुपारपर्यंत भरलेले पाणी आपणहून मागे गेले आणि माणसे चालत कुलाबा किल्ल्यात गेली. "काहून जी, हे रोजच असं जाते?" आईने एका कोळ्याला विचारले. दिवसातून दोनदा, तो म्हणाला. तिने पाण्याला हात जोडले. पुढे मुरूडला जंजिरा पाहिला, काशिदला मुले ओली झाली, पण तिला लक्षात राहिला तो कुलाबा.

त्यानंतर हा प्रवास घराचा रिवाजच झाला. ट्रॅक्सची सुमो झाली, पुढे स्वतःची गाडी आली. 2010 मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले आणि एनएच सिक्सचा 53 झाला, पण आमच्याकडे कुणी तसे म्हणत नाही. अमरावती ते अकोला हा टप्पा कित्येक वर्षे जीव नकोसा करणारा होता. त्याच टप्प्यावर 2022 च्या जूनमध्ये लोणी ते माना असा 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. बातमी वाचताना मला तिथे पंक्चर काढत बसलेले काकाजी आठवले.

कोकणाच्या बाजूने मन कातर झाले ते 2016 मध्ये. 2 ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याच्यासोबत दोन एसटी गाड्या. आमचाही जुना पूल ब्रिटिशांच्या काळातला. चार वर्षांनी, 2020 च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सुटले आणि भंडारा-कारध्यात घरे बुडाली, तेव्हा घरातले सगळे सावित्रीबद्दलच बोलत होते.

मग समृद्धी महामार्ग आला. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी, आणि 5 जून 2025 ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा. एकूण 701 किलोमीटर, नागपूरहून मुंबई आठ तासांत. आजारी माणसाला, माल नेणाऱ्याला ही मोठी सोय आहे, त्यात शंका नाही. आम्हीही गेलो, पहाटे निघून त्याच दिवशी अलिबागला पोचलो. भाचीला वाटेत काय पाहिलेस म्हणून विचारले तर तिला एकही गाव सांगता येईना. तिचा दोष नाही, रस्ता गावांच्या बाहेरूनच जातो. घाईचे काम असेल तेव्हा समृद्धी घ्यावा. मुलांना सोबत नेत असाल तर निदान एका बाजूने तरी बाळापूर-पारोळ्यावरून जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काकाजी आता नाहीत. त्यांनी नकाशावर पेन्सिलीने ओढलेली एक रेघ मात्र अजून अपुरी आहे. आमचा एनएच सिक्स पश्चिमेला सुरतजवळच्या हजिऱ्याला सुरू होतो आणि जुन्या क्रमांकाने कोलकात्याला जायचा. नव्या 53 चे पूर्वटोक ओडिशातले पारादीप बंदर. म्हणजे दोन्हीकडे समुद्र, आणि आम्ही आयुष्यभर पूल ओलांडून एकीकडेच गेलो. या डिसेंबरात धान मळून झाले की पूल न ओलांडता निघायचे ठरले आहे : साकोली, देवरी, रायपूर, आरंगला महानदी, मग संबलपूर. आईने एवढेच विचारले, की तिकडे वाटेत धान दिसेल ना. छत्तीसगड आहे, म्हटले, धानच धान दिसेल.