घरातले दागिने आणि महागड्या वस्तूंचा विमा : पॉलिसी घेण्याआधी काय तपासाल?

गृहकर्ज घेताना बँकेने विमा काढून दिला, म्हणजे घरातले सगळे सुरक्षित झाले, असा समज आपल्याकडे सर्रास दिसतो. पण तो विमा बहुतेक वेळा फक्त इमारतीचा असतो. कपाटातले दागिने, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप, मुलीच्या लग्नासाठी जमवलेले सामान त्यात येतच नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये घराघरांत शिरले, तेव्हा बहुतेक भिंती उभ्या राहिल्या. गेले ते घरातले सामान. म्हणून हा विषय आम्ही इथे सविस्तर मांडत आहोत.

भारत गृह रक्षा : काय मिळते, काय नाही

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाच्या आदेशाने ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी सुरू झाली. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड, तसेच दंगल आणि दहशतवादी कृत्य यांमुळे झालेले नुकसान त्यात धरले जाते. मात्र सरकारच्या किंवा प्रशासनाच्या आदेशाने झालेली जप्ती किंवा पाडकाम यांची भरपाई मिळत नाही, हे ध्यानात ठेवा.

इमारतीचा विमा घेतला की सामानालाही आपोआप संरक्षण मिळते, पण ते इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये. इथेच लोक फसतात. इमारतीची रक्कम बाजारभावाने नव्हे, बांधकामाच्या खर्चाने ठरते. समजा फ्लॅटची किंमत ८० लाख आहे, पण ६०० चौरस फुटांचा बांधकाम खर्च अडीच हजार रुपये दराने १५ लाखच होतो. मग सामानाला आपोआप मिळणारे संरक्षण फक्त ३ लाखांचे! जास्त हवे असेल तर सामानाचा तपशील देऊन रक्कम वाढवून घ्यावी लागते. भाडेकरूही फक्त सामानाचा विमा घेऊ शकतात.

दागिन्यांसाठी वेगळे कलम

दागिने, चांदीची भांडी, कलावस्तू या ‘मौल्यवान वस्तू’ समजल्या जातात. त्या वरच्या ३ लाखांत येत नाहीत. त्यांच्यासाठी पॉलिसीत वेगळे ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एका वस्तूची किंमत १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. आजच्या सोन्याच्या भावात एक हारच ही मर्यादा ओलांडतो, त्यामुळे मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून दाखला घेणेच बरे. भाव वाढत असल्याने नूतनीकरणाच्या वेळी रक्कमही पुन्हा पाहावी.

चोरीचे काय?

बहुतेकांना भीती चोरीचीच असते, आणि नेमकी तीच या मूळ पॉलिसीत पूर्णपणे येत नाही. पूर, आग, दंगल अशा घटनेमुळे, त्यानंतर ७ दिवसांत झालेली चोरीच त्यात धरली जाते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण किंवा ‘हाऊसहोल्डर्स पॅकेज’ घ्यावे लागते. ते घेताना चार प्रश्न जरूर विचारा :

- कुलूप न तोडता झालेली चोरी धरणार का? घरकाम करणाऱ्याने केलेली चोरी?
- घर सलग किती दिवस बंद राहिले तर संरक्षण थांबते? कोकणात घर आणि माणसे मुंबईत किंवा आखातात, अशा कुटुंबांनी हे लेखीच घ्यावे.
- लग्नाला अंगावर घालून नेलेले दागिने धरणार का? त्यासाठी बहुधा ‘ऑल रिस्क’ संरक्षण लागते.
- विमा कमी रकमेचा असेल तर भरपाई त्या प्रमाणात कापणार का? १० लाखांच्या मालाचा ५ लाखांचा विमा असेल, तर २ लाखांच्या नुकसानीला १ लाखच हाती पडू शकतो. भारत गृह रक्षामध्ये ही कपात नाही, इतर पॉलिसींत असू शकते.

लॉकर म्हणजे विमा नव्हे

१ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत आहे. भाडे ३ हजार असेल तर ३ लाख, मग आत कितीही सोने असो. नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर, तेवढेही मिळत नाही.

जायज-नाजायजचा प्रश्न

विम्यातील व्याज आणि अनिश्चितता यांवरून उलेमांमध्ये मतभेद आहेत. भारतात तकाफुल कंपनी नाही, त्यामुळे अनेकांची अडचण होते. आपल्या विश्वासातील आलिमांना विचारताना पॉलिसीचा कागद सोबत न्या. नुसते ‘विमा चालतो का?’ विचारण्यापेक्षा नेमके उत्तर मिळेल.

आजच करण्यासारखे

खोलीखोलीतून फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा. दागिन्यांचे फोटो, वजन, बिले (दुबई-सौदीहून आणलेल्यांची कस्टम पावतीसुद्धा) जमवा आणि प्रती घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा ई-मेलवर ठेवा. पुरात बिलेही भिजतात. नुकसान झाले तर कंपनीला लगेच कळवा, चोरी किंवा दंगल असेल तर एफआयआर करा, आणि सर्व्हेअर येण्याआधी खराब सामान फेकू नका.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आले किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, एवढी तारीख मात्र चुकवू नका.