रत्नागिरीची सहल आणि भरतीचे वेळापत्रक

नीराकाठच्या निरवांगीतील मुलांना पाणी एकाच दिशेने वाहताना पाहण्याची सवय असते. रत्नागिरीची सहल काढणाऱ्या शिक्षकांनी व पालकांनी त्यांना भरती-ओहोटी आधी समजावून द्यावयास हवी. समुद्रास दिवसातून साधारणतः दोनदा भरती येते व तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे आठवड्यापूर्वी ज्या वेळी खडक उघडा होता, त्याच वेळी आज तो पाण्याखाली असू शकतो. गेल्या सहलीच्या अनुभवावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे; अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर अधिकच. भाट्ये किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी स्थानिक मच्छीमारांस विचारावे. भरतीच्या वेळेत लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान व ब्रह्मदेशाचा राजा थिबा १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत जेथे नजरकैदेत राहिला, तो राजवाडा मुलांना दाखवावा.